होळीवर चढलेली गाडी

व्याही एकदा फोन करतात तेव्हा ते निमंत्रण असतं. दोनदा करतात तेव्हा काहीतरी काम असतं. माझ्या व्याह्यांनी होळीसाठी दोनदा तर फोन केलाच, शिवाय जावयाकडून करवला आणि शेवटी माझ्या लेकीकडूनही करवला. तेव्हा मी बायकोला म्हटलं, "ह्यात काहीतरी आहे."

ती म्हणाली, "असणारच. तुम्हाला कुणी वाटीभर साखर दिली तरी तुम्ही आधी मुंग्या शोधता."

तिचा गुडघा दुखत होता म्हणून ती बारामतीतच थांबली. मी कार काढली.

लेकीचं सासर नीरेच्या काठावर, वालचंदनगर ओलांडून कळंबच्या पुढे. हंगाम संपत आला होता तरी उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या होत्या, त्यामुळे विचार करायला भरपूर वेळ मिळाला. नदीकाठची होळी मी कधी पाहिली नव्हती. आमच्या सोसायटीची होळी पार्किंगमध्ये, फरशी तडकू नये म्हणून पत्र्यावर पेटते. लाकडं एका पिशवीत मावतील एवढी, आणि पेटायच्या आधीच वॉचमन बादली घेऊन उभा. तिथे मान कुणाचा, असा प्रश्न पडत नाही. काडी ज्याच्या खिशात, मान त्याचा.

गावाच्या तोंडाशीच मला माझा फोटो दिसला. फ्लेक्सवर, लेकीच्या लग्नातल्या फेट्यासकट. खाली लिहिलं होतं, "ज्येष्ठ विचारवंत यांच्या शुभहस्ते होळीप्रज्वलन". मी कॉलेजात इतिहास शिकवला. तिथे विचार करायची सक्ती नव्हती आणि फारशी गरजही पडली नाही. माझ्या फोटोच्या वर, माझ्या तिप्पट आकारात, हात जोडलेले एक पुढारी होते. ते येणार नाहीत हे त्यांच्या हसण्यावरूनच कळत होतं.

व्याह्यांनी अंगणातच हात धरला. घरात ते मला 'पाव्हणं' म्हणतात आणि चारचौघांत 'सर'. त्या दिवशी घरातही 'सर' चाललं होतं.

"दोन भावक्यांत मानावरनं तेढ हाय, सर," ते म्हणाले. "ह्या बाजूनं पेटवली की ती बाजू रुसती. तिनं पेटवली की ही. म्हटलं, औंदा पाव्हण्याच्या हातानं होऊ द्या. कुणाचं तोंड वाकडं न्हाय."

कारण अगदी पटण्यासारखं होतं. मला संशय आला तो त्यामुळेच. घरातल्या कुणालाच ज्या कामावर आपलं नाव नको असतं, त्या कामाला मानाचा पाहुणा बोलावतात. इतिहासात एवढं तर मी शिकवलं होतं.

घर दोन मजली, नवं, समोरून गुलाबी. आणि त्या गुलाबी घराच्या कडेला, गोठ्याला लागून, एक जुनी लाकडी चाकांची बैलगाडी उभी होती. गाडीच्या साट्यावर, म्हणजे बसायच्या फळ्यांवर, व्याह्यांचे वडील मांडी घालून बसले होते. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. मांडीवर काठी, बाजूला पाण्याची बाटली, डोक्यावर टॉवेल. बैल कधीच विकले होते. पूर्वी ह्याच गाडीतून ते कारखान्यावर ऊस घालायचे. आता गाडी कुठे जात नव्हती आणि आबाही.

"राखण बसलोय," ते मला म्हणाले. "रामराम."

ह्या गावात होळीच्या आधी लाकूड चोरायची पद्धत आहे. कुंपणाची मेढ, मोडकी बाज, गोवऱ्यांचा ढीग, जे हाताला लागेल ते. ज्याचं गेलं त्याने शिव्या द्यायच्या, पण राग धरायचा नाही. आबांच्या गाडीवर दर वर्षी गावातल्या पोरांचा डोळा असतो आणि दर वर्षी आबा आठवडाभर आधीपासून गाडीवर बसतात. जेवतात तिथे, झोपतात तिथे. पोरं लांबून ओरडतात, "आबा, चाक तरी द्या की." आबा उलट ओरडतात, "तुझ्या आज्याला न्हाय दिलं."

मी आत गेलो. लेक पुरण वाटत होती.

"काय चाललंय इथे?" मी विचारलं.

"पुरण."

"त्याच्याशिवाय?"

तिने वर पाहिलं नाही. "बाबा, त्या गाडीच्या जागेवर माझी खोली व्हायची आहे. शिकवणीची. आता मुलं गोठ्याच्या कडेला बसतात, म्हैस हंबरली की पाढे थांबतात. लग्न झाल्यापासून मामंजी म्हणतायत, बांधू. पण गाडी हलवायची म्हटली की आबा जेवणं सोडतात."

"मग?"

"मग काय. तुम्ही नुसतं जेवा."

ह्या वाक्यावर मला पहिला खरा धक्का बसला. माझी मुलगी मला 'नुसतं जेवा' असं तेव्हाच म्हणते, जेव्हा तिला काहीतरी माहीत असतं आणि मला ते माहीत व्हायला नको असतं. आठवीत असताना तिने घरात कुत्र्याचं पिल्लू लपवलं होतं, तेव्हाही मी नुसता जेवलो होतो.

जेवण झालं. पोळ्यांवर तूप इतकं आग्रहाने वाढलं की तेही मला लाच वाटलं. हात धुताना व्याही शेजारी येऊन उभे राहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सर, एक काम करा. आबास्नी जरा नदीवर फिरवून आणा. बसून बसून पाय आखडलेत त्यांचं. आमचं ऐकत न्हाईत. शिकलेल्या माणसाचं ऐकत्यात."

म्हणजे हे काम होतं. होळी पेटवायला मी नंतर, आधी राखणदाराला जागेवरून हलवायला. मला नाही म्हणता आलं असतं. पण मुलीचा बाप व्याह्यांच्या घरी नाही म्हणायला गेला की त्याला एकदम खोकला येतो. मी खोकलो आणि आबांकडे गेलो. मनात म्हटलं, आबा थोडेच येणार आहेत.

आबा लगेच खाली उतरले.

आठवडाभर जो माणूस गाडीवरून उठला नव्हता तो माझ्या एका शब्दावर उठला. माझ्या शब्दाला एवढं वजन आहे असं आता मीसुद्धा मानत नाही. मी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. ते टॉवेल झटकत होते.

"थांबा, पाव्हणं. आधी तुमच्यासाठी ऊस बांधतो. परत आल्यावर इसरायचं."

ते गोठ्यात गेले आणि दार ओढून घेतलं. जावई मदतीला गेला तर आतून हाक आली, "तू तुझा मोबाईल बघ." बऱ्याच वेळाने ते उसाची एक लांबलचक मोळी ओढत बाहेर आले. वरून पाचट, त्यावर सुंभाने आवळलेली. आम्ही दोघांनी ती माझ्या कारमध्ये घातली. सीट आडवी करावी लागली. मोळीचं एक टोक डिकीत, दुसरं गिअरपाशी.

"फार जड आहे हो ऊस," मी म्हणालो.

"रसाचा हाय," आबा म्हणाले. "कुलूप लावा. होळीच्या दिवशी ऊस बी चोरत्यात."

मी कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

नदीला बंधाऱ्यामुळे पाणी होतं. पलीकडचा काठ सोलापूर जिल्ह्यातला. त्या गावाची होळीही रचलेली दिसत होती, आणि दोन्ही गावांत आधी कुणाची पेटते ह्यावर ईर्षा असते, असं आबांनी सांगितलं. ईर्षेचं कारण त्यांना माहीत नव्हतं. "कारण कशाला लागतंय? नदी हाय की मधी."

आमच्या काठावर रचण्याचं काम चालू होतं. आम्ही तिथून बरेच लांब, बंधाऱ्याच्या भिंतीवर जाऊन बसलो. म्हणजे आबांनीच ती जागा निवडली. तिथून होळी दिसत नव्हती आणि घरही दिसत नव्हतं. जो माणूस खरोखर गाडी राखतो तो अशी जागा निवडत नाही, हे माझ्या लक्षात आलं, पण पुढचं काही लक्षात आलं नाही.

आबा त्यांच्या तरुणपणीच्या चोऱ्या सांगत होते. एकदा त्यांनी एका घराचं पुढचं दार उचललं होतं, बिजागरीसकट. घरधनी होळीपाशी येऊन गयावया करू लागला.

"मग दिलंत परत?"

"न्हाय. होळीवर चढलं ते होळीचं. खाली घेतलं तर होळी इटाळती. त्यो रातभर दारात पोतं लावून निजला. दुसऱ्या दिशी धुळवडीला आमच्याच संगं जेवला." त्यांनी बोट वर केलं. "पण आमी दार आख्खं उचललं व्हतं. कडी, कोयंडा, समदं. अर्धं उचललं तर ती चोरी. आख्खं उचललं तर होळी."

वाक्य इतकं घोटीव होतं की मला ते जुनं असावंसं वाटलं. नंतर वाटलं, आत्ताच केलेलं असावं. अजूनही माझा निर्णय झालेला नाही.

"आबा, आपण जायचं का परत?" मी विचारलं. माझं मन मला खात होतं. "तिकडे गाडीपाशी कुणी नाही."

"पोरगा हाय की माझा."

"म्हणूनच म्हणतो."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "पाव्हणं, चोरापासनं राखता येतंय. घरच्यापासनं न्हाय राखता येत. बसा. काम हुईस्तवर बसू."

"कुणाचं काम?"

"सूर्याचं. बुडू द्या त्याला."

सूर्य बुडायला आला तसा हलगीचा आवाज सुरू झाला आणि आम्ही उठलो. होळीपाशी सगळं गाव होतं. बायका नैवेद्याची ताटं घेऊन एका बाजूला, पुढाऱ्यांसाठी ठेवलेली खुर्ची दुसऱ्या बाजूला, रिकामी. मध्ये गोवऱ्यांचा आणि लाकडांचा मोठा ढीग, त्यातून वर आलेला एरंड आणि ऊस. आणि त्या ढिगावर, मागच्या अंगावर उभी केलेली, दोन्ही दांड्या आभाळाकडे गेलेली, आबांची बैलगाडी.

हलगी थांबली. मी व्याह्यांकडे पाहिलं. ते नदीकडे पाहत होते. जावई मोबाईलकडे पाहत होता. माझी लेक माझ्याकडे पाहत होती. एवढ्या मोठ्या गर्दीत आबांकडे पाहणारं कुणीच नव्हतं, आणि त्यातून सगळ्यांना सगळं माहीत होतं हे स्पष्ट होतं.

कुणीतरी माझ्या हातात पेटता पलिता दिला. माझ्या गळ्यात हार पडला. माईकवरून आवाज आला, "आदरणीय सरांना विनंती." तेव्हा मला माझा मान पूर्ण समजला. मुलाने बापाची गाडी जाळली असं पुढे कुणी म्हणू नये म्हणून मी होतो.

आता आबा ओरडतील असं मला वाटलं. पण ओरडणार कसे? होळीवर चढलं ते होळीचं, हे त्यांनीच आयुष्यभर लोकांना ऐकवलं होतं. कुणाच्या तरी दाराला पोतं लागलं होतं त्याच्यासाठी.

आबा शांतपणे ढिगाभोवती फिरले. पूर्ण एक फेरी. बाजारात घोडा पारखावा तसे, मान वर करून. मग म्हणाले, "जू कुठं हाय?"

पोरांनी वर गाडीकडे पाहिलं.

"आरं, जू. बैलांच्या मानंवर ठिवायचं. का गाडी माणसांनी वढायची व्हती?"

रचणाऱ्या तरुणांतला एक पुढे झाला. "आबा, गोठ्यात आसंल. घाईत राह्यलं."

"मग आणा. चोरी करताय तर नीट करा. अर्धं उचललं तर चोरी, आख्खं उचललं तर होळी. विचारा ह्या तात्यास्नी."

तात्या म्हणजे दुसऱ्या भावकीतले थोरले. ते आबांशी वर्षानुवर्षं बोलत नव्हते, असं मला सांगण्यात आलं होतं. त्यांनी दाढी खाजवली आणि व्याह्यांकडे पाहून म्हणाले, "व्हय. आसं हाय खरं." ह्यात आबांवरचं प्रेम किती आणि व्याह्यांची फजिती पाहायची हौस किती, हे वेगळं काढता येणार नाही.

तरुण मोटारसायकलवर पळाले. मी पलिता धरून उभा. पलित्याचं तेल मनगटावर येत होतं. ते परत आले, रिकाम्या हातांनी. गोठा पाहिला, माळा पाहिला, वैरणीखाली पाहिलं. जू नाही.

व्याही पहिल्यांदाच बापाकडे वळले. "आबा, कुठं ठिवलंय?"

"मी तर पाव्हण्यासंगं नदीवर हुतो. विचार त्यास्नी."

सगळं गाव माझ्याकडे पाहू लागलं. आणि नेमकं तेव्हाच माझ्या हाताला त्या मोळीचं वजन आठवलं. रसाचा ऊस. एक टोक डिकीत, दुसरं गिअरपाशी, आणि किल्ली माझ्या खिशात.

दिवसभर मी प्रत्येकावर संशय घेत होतो. व्याह्यांवर, जावयावर, पोटच्या मुलीवर, तुपावर. आणि मुलाने मला राखणदार हलवायला वापरलं, तर बापाने माल लपवायला. माझ्यावर मात्र कुणीच संशय घेत नव्हतं. विचारवंताच्या कारमध्ये जू असेल असं कुणाला वाटणार?

"आम्ही बंधाऱ्यावर होतो," मी म्हणालो. हे खरं होतं.

"सर, तुमी शिकलेलं," माईकवाला म्हणाला. "तुमीच सांगा. अपुरी गाडी जाळली तर चालतंय का?"

माईक माझ्या तोंडाशी आला. मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो, आधार दाखवा, नाहीतर बोलू नका. मी पाहिलं, लेक हात घट्ट मिटून उभी होती. तिची खोली त्या ढिगावर होती आणि हे फक्त आम्हा दोघांनाच कळत होतं असं नाही. मी घसा साफ केला. ह्या वेळी खोकला आला नाही.

"आपल्या परंपरेत," मी म्हणालो, आणि हे दोन शब्द उच्चारताच किती सोपं आहे ते मला कळलं, "अग्नीला अपुरं देत नाहीत. जे द्यायचं ते पूर्ण द्यायचं, किंवा द्यायचं नाही. जुन्या काळापासून असंच आहे."

कुठला जुना काळ, असं कुणीही विचारलं नाही. माईकवर कुणी विचारत नाही.

तेवढ्यात नदीपलीकडे उजेड झाला. त्यांची होळी पेटली आणि त्यांची बोंब पाण्यावरून आमच्यापर्यंत आली. आमच्या काठावर एकदम गडबड उडाली. आता जू शोधायला वेळ नव्हता. "घ्या खाली, घ्या खाली," सगळे एकदम बोलू लागले, आणि ज्या पोरांनी ती गाडी चढवली होती त्यांनीच ती उतरवली, तिप्पट शिव्या देत. कुणाच्याही लक्षात आलं नाही की होळीवर चढलेलं खाली घेतलं जात होतं. तात्यांच्या लक्षात आलं असावं. ते खुर्चीवर जाऊन बसले, पुढाऱ्यांच्या.

मी पलिता लावला. पाचट एकदम धडाडलं, नारळ आत पडले, सगळ्यांनी तोंडावर पालथे हात मारत बोंब ठोकली. आबांची बोंब सगळ्यांत मोठी होती आणि सगळ्यांत उशिरा थांबली.

निघताना लेक कारपर्यंत आली. आडव्या सीटवरच्या मोळीकडे तिने पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा, ते परंपरेचं खरंच कुठे आहे?"

"असेल कुठेतरी."

"माझी खोली गेली."

मी मोळीवरचं पाचट सारखं केलं. ती आत गेली. तिचं ते न रागावता आत जाणं बारामतीपर्यंत माझ्याबरोबर आलं, मोळीच्या शेजारी बसून.

मागून आबांनी काचेवर टकटक केलं. "पाव्हणं, सगळा ऊस लगेच सोलू नका. पुढल्या होळीला या."

जू आता आमच्या गॅलरीत उभं आहे. बायकोने पहिल्या दिवशी विचारलं, हे काय. मी म्हटलं, आहेर. तिने त्यावर ओले टॉवेल टाकायला सुरुवात केली आणि विषय संपवला.

धुळवड, रंगपंचमी सगळं होऊन गेल्यावर व्याह्यांचा फोन आला. एकदाच. 'सर' नाही, 'पाव्हणं'.

"खोलीच्या आखणीला चुन्याची फक्की मारली," ते म्हणाले. "गोठ्याच्या पलीकडं घेतली. म्हैस हलवली. गाडी हाय तितंच ठिवली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ऊस कसा निघाला, पाव्हणं?"

"गोड होता."

"संपला?"

मी गॅलरीकडे पाहिलं. "एक कांडं राहिलंय. वाळलंय आता."

"राहू द्या," व्याही म्हणाले. "टाकू नका. आबास्नी बरं वाटंल." आणि मी काही विचारायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

त्यांना कधीपासून माहीत होतं, हे मला अजून कळलेलं नाही. पोरं गोठा शोधून रिकाम्या हातांनी आली तेव्हा, की आबांना नदीवर न्या म्हणाले तेव्हाच? लेकीला विचारलं तर ती म्हणते, "बाबा, तुम्ही नुसतं जेवा."